दारात मागितलेलं पाणी

आमच्या ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत खात्याचं ब्रीद लिहिलेलं होतं. संस्कृतात. मी सातवीतून शाळा सोडलेला. हजर झालो त्या आठवड्यात येता-जाता ती अक्षरं जुळवून वाचायचो. शेवटी धीर करून पहाऱ्यावरच्या शिपायाला अर्थ विचारला. तो विडी विझवत म्हणाला, "भल्याले सांभाळा, बुऱ्याले दाबा. एवढंच हाये. बाकीचं मेजर सांगतीन तुले."

मेजर म्हणजे आमचे हवालदार. लष्करातले नव्हेत, ठाण्यात हवालदाराला मेजर म्हणायची पद्धत होती. उंच, किडकिडीत माणूस, मिशी पिकलेली, चालताना डावा खांदा थोडा खाली. बाकीचं त्यांनी सांगितलं, ते मला पुढे नोकरीभर पुरलं. त्या बाकीच्याबद्दल हे लिहितो आहे. आणि मेजरच्या बायकोला, जिला मी काकी म्हणायचो, एका दुपारी मी जे सांगितलं ते तसं सांगायला हवं होतं की नव्हतं, याबद्दल. तो प्रश्न पुष्कळ वर्षं माझ्या उशाशी होता.

मी कोकणातला. खाडीकाठी घर, दारात चार माड, आई आणि मी. वडील गेले तेव्हा शाळा सुटली. नागपुरात मामा रेल्वेत होता, त्यानं बोलावून घेतलं. पुढे मामाची बदली झाली, मी मागे राहिलो. पोलीस भरतीच्या मैदानावर जीव खाऊन धावलो, छाती फुगवली, घेतलं मला. आई तिकडे एकटी. पत्र पोचायला आठवडा लागायचा आणि तारेची तर मला धडकीच होती. मी मुळात काळजीखोर. कडी लावली तरी परत जाऊन हात लावून पाहणारा. रस्त्यात तारवाला दिसला की तो लांब जाईपर्यंत मी जागचा हलत नसे. आईला काही झालं तर मला कोण सांगेल, कसं सांगेल, हेच डोक्यात. मेजरनी हे कसं ओळखलं माहीत नाही, पण त्यांनी मला हाताशी धरलं ते नेमकं त्याच कामासाठी.

मयताचा निरोप देण्याचं काम.

तेव्हा आमच्या हद्दीत घरात फोन म्हणजे डॉक्टर नाहीतर मोठा व्यापारी. कुणाचा मुलगा परजिल्ह्यात ट्रकखाली आला, कुणाचा भाऊ खाणीत गेला, कुणी कन्हानच्या पात्रात बुडालेलं सापडलं, की तिकडचं ठाणं वायरलेसवर कळवायचं. शेवटचं वाक्य ठरलेलं: संबंधितांस कळवावे. संबंधितांस कळवायला कुणी राजी नसायचं. कुणी सायकलवर बसूनच दारातून ओरडायचा. कुणी शेजाऱ्याला सांगून पळायचा. आणि बहुतेक जण सांगायचे, "सिरियस आहे, दवाखान्यात चला." मग ते घर धावत-पळत दवाखान्यात जायचं, नारळाचा नवस बोलायचं, डबा भरून न्यायचं, आणि तिथे पांढरी चादर.

मेजरना या 'सिरियस'ची फार चीड. ते म्हणत, "माणूस मरून राह्यला नाही, मेला हाये. त्याले आणखी दोन तास जिता ठेवणारे तुम्ही कोण?"

त्यांची रीत निराळी. घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर सायकलवरून उतरायचं आणि चालत जायचं. दारात टोपी काढून हातात घ्यायची. मग म्हणायचं, थोडं पाणी द्या. पाणी आलं की बसायचं, जमिनीवर का होईना, पण बसायचं. ग्लास पूर्ण प्यायचा. घरात मोठं कोण आहे ते विचारायचं. मग मयताचं पूर्ण नाव घेऊन सरळ सांगायचं, वारले. "गेले म्हनाचं नाही," ते बजावत. "गेले म्हटलं की माणूस इचारते, कुठं गेले." आणि शेजारचं कुणी येऊन त्या घरात बसेपर्यंत उठायचं नाही.

मी विचारलं, "पण पाणी कशाला, मेजर?"

"पाणी आणाले बाई आत जाते ना गा. माठापाशी उभी राह्यते, ग्लास इसळते. तेवढ्या वेळात तिचं तिले कळते. आपल्या तोंडून कळाच्या आधी तिचं तिले कळलेलं बरं."

दुसरं कारण त्यांनी खूप नंतर सांगितलं. सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठावर आम्ही भाकर सोडून बसलो होतो. मेजर बौद्ध. दीक्षेच्या वेळी ते ऐन तरुण होते, उसने पांढरे कपडे घालून त्या गर्दीत उभे होते. म्हणाले, "माह्या बापानं कोणाच्या दारात पाणी मागतलं ना, तर वरून ओतत. ओंजळीत. अर्धं पाणी कोपरावरून खाली. मी मागतो तवा देतात. आता वर्दीले देतात का मले देतात, काय मालूम! पण त्याइच्या ग्लासातून पेतो आन् त्याइच्या घरचं माणूस मेल्याचं त्याइलेच सांगतो. माह्या बापाले पटलं नसतं हे."

सगळेच ग्लासातून देत नसत. एका घरी म्हाताऱ्यानं बाहेरच्या कोनाड्यातला, कान तुटलेला कप काढला आणि त्यात पाणी दिलं. मी मेजरकडे पाहिलं. मेजर ओट्यावर बसले, कप रिकामा केला, आणि म्हाताऱ्याला त्याच्या जावयाचं सांगितलं. म्हातारा कोसळला तेव्हा त्याचं डोकं मेजरच्याच मांडीवर होतं. परतताना माझ्या मनात तो कप खदखदत होता. मेजर सायकल ढकलत म्हणाले, "कप पाह्यला ना तू? पाह्यला असशीन तर इसरून जाय. आज त्या घराचा तो दिवस नाही."

एकदा नवे इन्स्पेक्टरसाहेब आले. तरुण, शिकलेले, मनाने चांगले. त्यांनी सकाळच्या हजेरीला आम्हाला ओळीत बसवलं आणि पोलिसाची मूल्यं या विषयावर बोलले. फळ्यावर खडूनं शब्द लिहिले. मग म्हणाले, प्रत्येकानं आपलं एक मूल्य सांगा. पहिला म्हणाला शिस्त. दुसरा म्हणाला शिस्त. तिसऱ्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, कडक शिस्त. हसू दाबत साहेब मेजरपाशी आले. मेजर उभे राहिले.

"दारात खरं सांगावं, साहेब. आन् बसून सांगावं."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आन् पाणी पेऊन!" सगळी ओळ हसली. साहेबही हसले, पण फळ्यावर त्यांनी ते काही लिहिलं नाही. कसं लिहिणार, त्याला एका शब्दाचं नावच नव्हतं.

या रितीचा एक घोटाळा झाला, तो आमच्याच हातून व्हायचा होता. इतक्या घरी टोपी काढून पाणी मागितल्यावर वस्तीला ती खूण कळली होती. वैशाखातली दुपार, डांबर चपलेला चिकटत होतं. एका मुलाला सरकारी नोकरी लागणार होती, त्याच्या चौकशीला आम्ही गेलो होतो. नुसती चौकशी. मेजरना उन्हानं गरगरत होतं. त्यांनी घाम पुसायला टोपी काढली आणि दारात आलेल्या बाईंना सहज म्हणाले, "माय, थोडं पाणी देता का?"

ती बाई आत गेली नाही. उंबऱ्यावरच बसली. तिचे दोन मुलगे, एक फौजेत, दुसरा हा. तिनं वर पाहून एकच विचारलं, "कोणता?"

मेजर क्षणभर समजलेच नाहीत. समजलं तेव्हा तिच्यासमोर धुळीत गुडघे टेकून बसले. "कोणताच नाही वं माय! कोणताच नाही! नोकरीचं हाये, नोकरीचं!" बाई हसली, मग रडली, मग उठून त्यांना शिव्या दिल्या. "मुडदा बशिवला तुह्या पाण्याचा! जाय, हापशीवर जाऊन पे!" आणि स्वतःच आतून लोटा भरून आणला. मेजर तिथेच धुळीत बसून घटाघटा प्यायले, निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सायकलच्या हँडलला छागल लटकत होती. जाड कापडाची, पाणी गार ठेवणारी पिशवी. त्यानंतर तहान लागली तर ते छागलीतलंच प्यायचे. दारात पाणी मागणं फक्त निरोपासाठी. पोलीस लाईनीतले पोट्टे चिडवायचे, "मेजर, आत मोहाची हाये का जी?" ते म्हणायचे, "वास घे ना बे, अन् काकूले जाऊन सांग."

पोलीस लाईनीत त्यांची खोली नळाजवळ, कडुनिंबाखाली. एकच मुलगी, तिला उमरेडकडे दिलेली. त्यामुळे घरात दोघंच, आणि तिसरा मी. ड्युटी संपली की माझी सायकल आपोआप तिकडे वळायची. लाईनीतले सगळे त्या माउलीला काकू म्हणत, मी आमच्याकडच्या सवयीनं काकी म्हणायचो, ते तिला आवडायचं. मी भाकर तोडताना रेंगाळतो हे तिनं पाहिलं आणि माझ्यासाठी वेगळा भात टाकू लागली. एकदा बाजारातून सुके झिंगे आणून कांद्यावर परतले. आईच्या हातची चव नव्हतीच, पण वास आमच्या पडवीतला होता. मी घास घेतला आणि मान वर करेना. काकी म्हणाली, "पाहा जी, ह्या कोकण्याले तिखट लागलं वाटते." मेजर म्हणाले, "नाही वं. घर लागलं त्याले."

त्या घरात 'सिरियस' हा थट्टेचा शब्द झाला होता. दूध नासलं की काकी चुलीपासून ओरडायची, "आयकता का जी, दूध सिरियस हाये!" मेजर आतून म्हणायचे, "खरं सांग, बसून सांग!" बाहेरच्यांना ते अभद्र वाटलं असतं. रोज मरणाचे निरोप पोचवणाऱ्या घराला हसायला काहीतरी लागतंच.

मग निवडणुका आल्या. मौद्याकडच्या खेड्यांतल्या बंदोबस्ताला शहरातून माणसं मागितली, त्यात मेजरचं नाव होतं. निवृत्ती जवळ आलेली, सहज नाव काढून घेता आलं असतं. घेतलं नाही. सकाळी ट्रकमध्ये चढताना मला एवढंच म्हणाले, "मागच्या चाकात हवा भर गा. बसून राह्यलं ते." सायकल आणि छागल घरीच होती. मोठं असं काही बोलणं झालं नाही. मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे, चाकाच्या हवेपलीकडे काही नव्हतं.

मतदानाच्या दिवशी, दुपार चढत असताना, साहेबांनी मला आत बोलावलं. मी दारात सलाम केला तर साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. शिपायासाठी साहेब उठत नाहीत. ते म्हणाले, "मेजर गेले."

मी म्हणालो, "कुठं गेले, साहेब?"

खरंच असं म्हणालो. साहेबांनी टेबलावर हात टेकला. म्हणाले, "वारले रे. केंद्रावर उन्हात उभे होते, तिथेच पडले. डॉक्टर पोचेपर्यंत संपलं होतं. ट्रक निघालाय तिकडून."

खोलीतला पंखा करकरत होता. साहेब माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं आहे, म्हणून पुढच्या बोलण्याचा राग मला कधी आला नाही. "बाईंना तू इतकंच सांग, सिरियस आहेत. मी जीप पाठवतो. दवाखान्यात आणू, मग डॉक्टर सांगतील. तुला झेपायचं नाही हे. त्यांनाही एकदम नको."

मी म्हणालो, "जी, साहेब."

सायकल मारताना माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. ट्रक यायच्या आत पोचायचं. आणि पोचल्यावर काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. साहेबांचा शब्द सोपा होता, शिवाय हुकूम होता. मेजरची रीत मला तोंडपाठ होती, पण ती दुसऱ्यांच्या घरांसाठी होती. ज्या घरात मी जेवत होतो त्या घरासाठी ती मी शिकलोच नव्हतो. मधेच वाटलं, बातमी माझ्या आधी पोचली असेल तर बरं. लगेच वाटलं, नको, नको. नळावर कुणाच्या तरी तोंडून तिनं ऐकायला नको.

लाईनीच्या कोपऱ्यावर पाय आपोआप उतरले. कडुनिंबाखाली नळ सुरू होता, बायकांची रांग. एकीनं मला पाहून हाक दिली, "काहून गा कोकण्या, भर ड्युटीत? काकूनं झिंगे केले वाटते!" बाकीच्या हसल्या. मी हसलो असेन, नाहीतर काय केलं असेन! टोपी तिथेच काढली असती तर सगळ्या लाईनीला काकीच्या आधी कळलं असतं. मी ती डोक्यावर दाबून धरल्यासारखी ठेवली आणि चालत राहिलो.

काकी दारातच मिरच्यांची देठं खुडत बसली होती. वर्षाचं तिखट करायचे ते दिवस. समोर भिवापुरी मिरच्यांचा लाल ढीग, हात कोपरापर्यंत तिखटलेले.

"ये गा बाबू. जेवला का?"

मी टोपी काढली.

ती टोपीकडे पाहत राहिली. हातातली मिरची तशीच. मी तोंड उघडलं, पण मला पाणी मागता येईना.  मग तीच बोलली, "घरात पाणी नाही."

तिच्या मागे माठ होता, भरलेला. बाहेरून पाझरून त्याच्या बुडाशी ओल धरली होती.

"काकी, थोडं—"

"नाही म्हटलं ना. नळ नाही आला आज."

बाहेर नळाखाली बादली वाजत होती, बायका हसत होत्या. ते तिलाही ऐकू येत होतं. मी उभा, ती बसलेली. मग ती अगदी हळू, लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, "सिरियस हायेत ना? बाबू, सिरियस हायेत म्हन ना. मी येतो तुह्यासंगं दवाखान्यात. लुगडं बदलतो अन् येतो. रस्त्यानं काही इचारत नाही तुले. आईची शप्पथ, काही नाही इचारत. सिरियस म्हन."

ज्या शब्दावर ते दोघं इतकी वर्षं हसले, तोच ती माझ्याकडे मागत होती. साहेबांनी मला तोच देऊन पाठवला होता. जीभ उचलली असती तर संपलं असतं. तिला आणखी तासभर नवरा मिळाला असता.

मी तिच्या बाजूनं आत गेलो. माठावरचं झाकण काढलं, मेजरचा पितळी ग्लास भरला आणि तिच्यासमोर मिरच्यांच्या ढिगापलीकडे येऊन बसलो. पूर्ण प्यालो. एकेक घोट करत, तळापर्यंत. मग मेजरचं पूर्ण नाव घेतलं. त्या घरात मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. म्हणालो, "वारले, काकी. आज सकाळी. ड्युटीवर उभे असताना."

ती रडली नाही. विचारलं, "पेलास पुरं?"

"हो."

"त्याइनं तुले हेच शिकवलं का?"

मी रिकामा ग्लास खाली ठेवला. त्या विचारण्यात शाबासकी होती की शिव्या, मला तेव्हा कळलं नाही. पुढेही कितीतरी वर्षं कळलं नाही.

मग तिचा हात डोळ्यांकडे गेला. मी झडप घालून मनगटं धरली, बोटं तिखटानं माखलेली होती. तिला डोळे पुसता येईनात. ती तशीच बसली, दोन्ही हात माझ्या हातात, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पुसायला काही नाही. मी लोटा आणला. तिनं ओंजळ पुढे केली, मी वरून पाणी ओतू लागलो. अर्धं पाणी कोपरावरून खाली जात होतं, मिरच्यांच्या ढिगाखाली. कितीही धुतलं तरी तिखट जाईना. नळावरचं हसणं तेवढ्यात बंद झालं. बायका दाराशी आल्या, आणि मग कुणालाही काही सांगावं लागलं नाही.

साहेबांची जीप आली. साहेब आत आले, टोपी काढली, काकीला पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

दवाखान्यातून ट्रक लाईनीत आला तेव्हा काकी ताठ बसली होती. मेजरसोबत बंदोबस्ताला असलेला शिपाई खाली उतरला, तशी तिनं त्याला जवळ बोलावलं. "शेवटी पाणी मागतलं का त्याइनं?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी मान खाली घातली.

"हो काकू," तो म्हणाला. "मागतलं. दिलं मी."

ते खरं होतं का हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो आमच्यातला सगळ्यात बडबड्या, पण त्यानंही आपणहून कधी सांगितलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी पंचशील म्हटलं, सगळे मागून म्हणत होते. खोटं न बोलण्याचं जे चौथं, तिथं काकीचा आवाज थांबला आणि पाचव्याला परत लागला. मी मागे बसलो होतो. मला वाटलं, हे माझ्यासाठीच.

लाईनीतली खोली सोडावी लागली. जवळच भाड्याची खोली घेऊन काकी राहिली. मुलीकडे गेली नाही. निघताना तिनं मेजरची छागल माझ्या हँडलला बांधली. "ठेव. उगाच दारोदारी पाणी मागू नको. लोक भेतात." एवढंच. पूर्वीसारखी थट्टा नाही, रागही नाही. मी जात राहिलो. जेवू घालायची, आईचं पत्र आलं का विचारायची. फक्त एक बदललं. कोपऱ्यावर माझ्या सायकलची घंटी वाजली की ती भरलेला ग्लास आणून उंबऱ्यावर ठेवायची. मी दारात पोचायच्या आधी पाणी तिथे असायचं. तिच्या घरी मला पाणी मागायला लागू नये, अशी तिनं व्यवस्था केली होती. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मी तो ग्लास उचलून प्यायचो आणि मग आत जायचो.

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मलाही लाईनीत खोली मिळाली. मयताचे निरोप आता मीच द्यायचो, एक-दोन नव्या पोरांना शिकवलंही. रीत तीच. पण प्रत्येक दारात टोपी काढली की लाल मिरच्यांचा ढीग समोर यायचा आणि वाटायचं, हे बरोबर करतोय का आपण? तासभराचं खोटं इतकं वाईट असतं का?

एका दुपारी मी ठाण्याच्या व्हरांड्यात पहाऱ्यावर होतो. फाटकातून काकी येताना दिसली. ती ठाण्यात कधीच आली नव्हती, मेजर असतानासुद्धा. चालून चालून तोंड लाल झालं होतं, पदर डोक्यावर, चपला धुळीनं पांढऱ्या. वाटेत माझ्या बायकोला कुठे बसवून आली होती ते मला नंतर कळलं. तार लाईनीत आली होती, बायकोनं ती शेजाऱ्याकडून वाचून घेतली होती आणि रडत काकीकडे गेली होती. हे सगळं नंतरचं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की काकी पायरीवर बसली, त्या निळ्या पाटीच्या खाली, आणि तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"बाबू," ती म्हणाली, "मले थोडं पाणी दे गा."

माझी सायकल तिथंच होती, छागल काठोकाठ भरलेली. मी तिकडे हात नेला.

"ते नको. आतलं आण. माठातलं."

मी आत गेलो. माठापाशी उभा राहिलो. ग्लास विसळला, परत विसळला. बाहेर ती माझी वाट पाहत बसली होती, घाई करत नव्हती. तेवढ्या वेळात मला कळलं.